गाडग्यामडक्यांचा संसार



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा आपल्या भागाच्या इतिहासावर प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे अध्यक्षीणबाईंनी सुचविले. मोरया गोसावींचे देऊळ एकीने घेतले, चापेकर बंधूंचा वाडा दुसरीने, चाकणचा संग्रामदुर्ग तिसरीने. मी पडले सातवी पास. मला काय उरले म्हणून घरी येऊन चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, विचार करीत बसले. संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्तेखानाच्या फौजेला पन्नासाहून अधिक दिवस झुंजविले, हे मी शाळेत शिकले. त्या दिवसांत गडावर पाणी कशात साठवीत होते, दूध कशात तापवीत होते, हे मात्र कुणी शिकविले नाही. तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातील मातीच्या भांड्यांचा इतिहास मीच लिहावा असे ठरविले. चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावे.

या विषयाशी माझे एक जुने नाते आहे. माझे माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. तेथे इनामगाव म्हणून गाव आहे. गावाजवळ नदीकाठी पांढरीची टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत ती टेकाडे खणून काढली. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यांतील मोठी माणसे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तरुणपणी तेथे रोजाने कामाला जात. माझा जन्म त्या कामाच्या अखेरीचा, त्यामुळे मी प्रत्यक्ष काही पाहिले नाही. परंतु रात्री अंगणात बाजेवर पडून अण्णा सांगत ते अजून कानांत आहे. "आम्ही कुदळीने खणणारी माणसं, आणि तिथं सायेब लोक कुंचल्यानं माती झाडायचे," असे ते हसून म्हणत. एखादे खापर निघाले की सगळे काम थांबे. अण्णांना प्रथम वाटे, खापरात एवढे काय आहे? आपल्या उकिरड्यावर पाहिजे तितकी खापरे पडली आहेत!

परंतु ती खापरे तीन हजार वर्षांपूर्वीची होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी खणून निघाल्या. त्या लोकांची तांबड्या रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी काढलेली भांडी फार सुबक असत. अशी भांडी सांकलिया आणि देव यांना १९५०-५१ साली संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी खणताना सापडली होती, म्हणून त्यांना जोर्वे भांडी असे नाव पडले. चाकावर घडविलेली, पातळ अंगाची आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजावीत. तोटीची भांडी, कडा मोडलेले वाडगे, उंच मानेचे घडे असे त्यांचे प्रकार आहेत. इनामगावास कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली. कुंभार आणि इतर कारागीर वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला राहत असावेत असे विद्वानांनी म्हटले आहे. कुंभारवाडा गावाच्या कडेला असावा, ही आपल्याकडची चाल तेव्हापासूनचीच दिसते.

मला सर्वांत आवडले ते धान्याचे मोठे रांजण. ते चाकावर होत नसत, हातानेच थापून केलेले. त्यांच्या अंगावर मातीची पट्टी चिकटवून ती बोटाने दाबीत जात, तीच नक्षी. मागे आपल्या मंडळाची सहल डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेली होती, तेव्हा तशा खापरावर बोटांचे खळगे मी पाहिले. काचेवरून माझे बोट त्यावर धरून पाहिले. माझ्या करंगळीएवढेच. आपण करंजीला मुरड घालतो ना, अगदी तसेच दाबलेले. घडविणारी बाई होती की पुरुष, ते कोण सांगणार?

आता एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते. त्या वस्तीतले लोक आपल्या गेलेल्या लहान मुलांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत मूल. मोठ्या माणसांना मडक्यात नव्हे, तर खड्ड्यात ठेवीत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. त्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क आहे. अण्णांनी पहिल्यांदा अशी जोडमडकी निघताना पाहिली, त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितले. माझ्या आधी आईचे एक मूल सहा दिवसांचे होऊन गेले होते. आई काही बोलली नाही. भाकरी थापता थापता थांबली, आणि मग म्हणाली, "घरातच ठिवलं त्यांनी. बरं केलं." एवढेच. अण्णांनी पुन्हा त्या मडक्यांचा विषय तिच्यापुढे काढला नाही. हे मला फार मोठेपणी कळले.

इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ती वस्ती ओस पडली. शेवटच्या काळात तर घरेही लहान, गोल झोपड्यांसारखी झाली होती, आणि भांडीही पूर्वीच्या मानाने हलकी. दुष्काळाचे दिवस आले की आधी भांड्याची नक्षी जाते, असे मला त्यावरून वाटले.

पुढे सातवाहनांच्या राज्यात परदेशाशी व्यापार वाढला. रोमन लोकांचे दोन कानांचे उंच, निमुळत्या बुडाचे घडे असत. त्यांतून दारू आणि तेल जहाजाने येई. त्यांची खापरे आपल्या नेवाशाला आणि तेरला सापडली आहेत. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे गाव. ज्या गावी समुद्रापलीकडचे घडे येत होते त्याच गावात पुढे तेराव्या शतकात एक कुंभार संत झाला, हे वाचून मला मोठा आनंद झाला. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे मडके ठरविण्याची कथा आपण साऱ्याजणी कीर्तनात ऐकतो. परंतु त्या थापटण्याचे खरे काम काय, ते किती जणींना ठाऊक आहे?

ते मला आमच्या सासूबाईंनी सांगितले. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्यांचे माहेर चाकणकडचे, आणि त्यांच्या घराशेजारीच कुंभारवाडा. कुंभार चाकावरून मडके उतरवितो ते बुडाला जाड आणि कच्चे असते. थोडे सुकले की आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलक्या हाताने ठोकत जायचे. ठोकता ठोकता मडके मोठे होते आणि त्याचे अंग सारखे पातळ होते. म्हणजे चाकावर जन्म आणि थापटण्याखाली संस्कार! माती तळ्याकाठची, गाढवांवरून आणलेली. ती चाळून, भिजवून, तीत राख आणि लीद मिसळून पायांनी तुडवायची. लीद भाजताना जळून जाते आणि मडक्याच्या अंगात बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर वाऱ्याने वाळते, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळे. आवा रचताना गोवऱ्या, काटक्या, भुसा यांच्यात मडकी दडवीत. आवा मोकळा जळू दिला तर मडकी तांबडी होत, आणि वरून दाबून धूर आत कोंडला तर काळी.

चाकावर बसण्याचे काम पुरुषाचे. बायकांनी चाकाला हात लावावयाचा नाही अशी चाल. पण माती कालवणे, वाळवणे, रंग देणे, आव्याचे जळण गोळा करणे आणि डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव विकणे हे सारे कुंभारणीचे. "कुंभाराची सून उकिरड्यावर आल्याशिवाय राहत नाही" ही म्हण आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो. आत्या म्हणतात, बिचारी भुसा-केर वेचायला उकिरड्यावर जायची, त्यात हसण्यासारखे काय आहे?

कुंभार हा बारा बलुतेदारांतला. १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात त्रिंबक नारायण आत्रे यांनी या साऱ्या बलुत्यांचे वर्णन केले आहे. कुंभाराची गणना मधल्या ओळीत होई. वर्षभर त्याने शेतकऱ्याच्या घरी लागतील ती भांडी द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. रोख पैसा नाही. मडके फुटले म्हणून शेतकरणीला पैसे शोधावे लागत नसत. पण खळे कमी भरले की कुंभाराच्या घरचेही पोट कमी भरे, हेही तितकेच खरे.

आत्या लग्न होऊन चिंचवडला आल्या तेव्हा स्वयंपाकघरात काय काय होते, ते मी त्यांना बसवून विचारून घेतले. पाण्याचा रांजण, अर्धा जमिनीत पुरलेला. त्याच्या शेजारी रोजचे पाणी आणायच्या घागरी. उन्हाळ्यात माठ, त्यात वाळा. ताक घुसळायचा डेरा. दूध तापवायचे दुधाणे, ते गोवरीच्या निखाऱ्यावर सकाळपासून ठेवीत आणि दुपारी त्यावर बदामी रंगाची जाड साय येई. विरजणाचे गाडगे, ज्यात दह्याचे पाणी माती पिऊन टाकते म्हणून दही सुरीने कापावे असे लागे. कालवणाचे मडके, भाकरीचा मातीचा तवा, झाकायला परळ. खानदेशात पुरणपोळी आजही पालथ्या खापरावर भाजतात, तशी आपल्याकडे चाल नाही. नवे मडके आणले की एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, मग त्यात भाताची पेज उकळायची, की छिद्रे बुजतात आणि मडके पाझरत नाही. विकत घेताना बोटाने वाजवून घ्यायचे. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत.

आणि उतरंड! मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी कोपऱ्यात रचलेली. त्यात डाळी, मीठ, मिरच्या, बियाणे. सर्वांत खालच्या मडक्यात हात घालायचा तर वरची सारी उतरवावी लागत, म्हणून पुरुषमाणसे त्या भानगडीत पडत नसत. तेव्हा बायकांची बँक तीच. आत्यांनी नवऱ्याच्या नकळत अंडी विकून तेथे पैसे साठविले आणि धाकट्या नणंदेच्या बाळंतपणाला दिले. आज आपण मंडळाचा भिशीचा हिशेब वहीत ठेवतो, त्या वहीची आजी म्हणजे ही उतरंड.

सणावारी तर मातीवाचून चालतच नसे. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या आणि बोळकी, पोळ्याचे बैल, अक्षय तृतीयेचा पाण्याचा करा, लग्नात बोहल्याच्या कोपऱ्यांत उतरंडी. आणि शेवटी, भगिनींनो, स्मशानात खांद्यावरून सोडायचे मडकेही कुंभाराकडचेच.

मातीच्या भांड्याची एक कडू बाजूही लिहावयास हवी, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. मातीचे भांडे विटाळले की ते घासून शुद्ध होत नाही, फेकून द्यावे लागते, अशी समजूत होती. म्हणून सुतकात, ग्रहणात मडकी बाहेर टाकीत. आणि याच विटाळाच्या कल्पनेतून माणसांनी माणसांना काय वागविले! पेशवाईत पुण्यात अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला आपली थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले आहे. ते पुणे येथून किती लांब आहे? लोकलने पाऊण तासही लागत नाही. उलट, गाडगेबाबांनी फुटके गाडगे हीच आपली खूण केली. त्यातच जेवायचे आणि हातात झाडू घेऊन गावे झाडायची. एकाच मडक्याच्या या दोन कथा माझ्या मनात शेजारी शेजारी बसतात.

आपल्या साध्या मडक्याला चकाकीचा लेप नसतो, म्हणून लोणचे त्यात टिकत नाही. त्याकरिता चिनी मातीची बरणी. तिच्यावर काचेसारखा लेप असतो, आणि मीठ-आंबट तिला बाधत नाही. माझ्या मुलीने मला अमेरिकेतील एक गोष्ट वाचून दाखविली. तेथे जाऊन राहिलेल्या युरोपीय लोकांच्या घरांतही सतराव्या-अठराव्या शतकांत अशीच तांबड्या मातीची दुधाची पसरट भांडी, लोण्याची मडकी, ताटल्या असत. गावचा कुंभारच ती करी. पाझरू नये म्हणून ते आतून शिशाचा लेप देत. आंबट पदार्थ ठेवला की ते शिसे अन्नात उतरे आणि माणसे आजारी पडत. पुढे त्यांनी जास्त आचेवर भाजलेली, भट्टीत मीठ टाकून लेप चढविलेली दगडासारखी बरणी पत्करली. म्हणजे तिकडच्या बाईलाही बरणीचे तेच कौतुक! आपल्या पाझरत्या मडक्यात निदान विष तरी नव्हते.

मग ही भांडी गेली कशी? पितळ आणि तांबे श्रीमंतांकडे पूर्वीपासून होतेच, पण त्याला कल्हई लागे. १८९८ साली मद्रासला अल्फ्रेड चॅटर्टन या साहेबाने अॅल्युमिनियमची भांडी करण्यास सुरुवात केली, आणि पुढे ती हलकी, स्वस्त भांडी गरिबांच्या घरी आली. आपल्या भागात मोठा बदल मात्र कारखान्यांनी केला. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. रोजगार रोख मिळू लागला तसे बलुते संपले. घरात नळ आला, रांजणाचे काम संपले. जुन्या लुगड्यांवर बोहारीण चकचकीत स्टीलचे डबे देऊ लागली, तशी उतरंडही संपली. आत्यांनी स्वतः दोन लुगडी आणि मामंजींचा कोट देऊन पहिला स्टीलचा डबा घेतला. त्या दिवशी आनंदाने रात्री झोप लागली नाही, असे त्या सांगतात. आपण उगाच जुन्याला फार सोन्याचे म्हणू नये. नदीवरून डोक्यावर घागरी आणून ज्यांची मान दुखली आहे त्यांना नळाची किंमत विचारावी.

आत्यांच्या माहेरचा कुंभार जेथून माती आणी तेथे आता कुंपण आहे. त्याची मुले कारखान्यात जातात. ती संक्रांतीला सुगडी विकतात खरी, पण ती बाहेरून टेम्पोने आणलेली असतात. आपल्या रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात नळ लावलेले माठ विकणारी कुटुंबे बहुधा राजस्थानकडची. पुण्याच्या कसब्यात कुंभारवेस नाव आहे, चाक फिरताना पाहावयाचे तर मुंढव्याजवळ केशवनगरच्या कुंभारवाड्यात जावे लागते. आपल्या मंडळाची पुढची सहल तिकडे न्यावी अशी माझी सूचना आहे.

आता शेवटची गोष्ट. आमचे जुने घर पाडून तेथे इमारत बांधली त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली. पडवीतला रांजण तोपर्यंत जमिनीत होता. त्यात पाणी नव्हते, चपला आणि रद्दी टाकीत असू. आत्यांनी सांगितले होते, "तेवढा जपून काढा, गच्चीवर ठेवू." गडी म्हणाला, भोवतीने खणायला अर्धा दिवस जाईल. मला सामान हलवायची घाई होती. मी म्हणाले, "फोडा." संध्याकाळी आत्यांना सांगितले की काढताना फुटला. त्यांनी एक मोठे खापर उचलून आणले. ते आज आमच्या गच्चीवर आहे आणि त्यात त्या रोज सकाळी चिमण्यांना पाणी घालतात. इनामगावची माणसे एकेका खापराकरिता काम थांबवीत, आणि त्यांच्याच गड्याच्या मुलीने सबंध रांजण फोडायला सांगितला. हे मी घरात कुणाला सांगितले नव्हते.

लेख मंडळाकडे देण्यापूर्वी आत्यांना वाचून दाखविला. हा भाग आला तेव्हा माझा आवाज बसला. आत्या वाती वळीत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊक हुतं. घणाचा आवाज वरपर्यंत आला हुता." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तू रांजणाखालची वाळू लिहिली नाहीस. खड्ड्यात आधी वाळू घालायची, ती रोज भिजवायची, म्हणून पाणी गार राहायचं. ते लिही."

म्हणून ते लिहिले आहे.